अलिबागची इस्राएल आळी

अलिबाग शहराच्या इस्राएल आळीत ‘मागेन अबोथ’ हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. ‘पूर्वजांची ढाल’ असा या हिब्रू नावाचा अर्थ. त्याची स्थापना १८४८ साली झाली आणि आज दिसते ती इमारत १९१० मध्ये नव्याने बांधली गेली. ज्या बेने इस्राएल समाजाचे हे मंदिर, तो कोकणच्या किनाऱ्यावर त्याआधी कित्येक शतके राहत होता. रायगड जिल्ह्यातले त्याचे सर्वांत जुने सिनेगॉग रेवदंड्याचे ‘बेथ एल’, तेही १८४२ चे. म्हणजे या समाजाच्या इतिहासाचा फार मोठा भाग सिनेगॉगशिवाय गेला. त्या काळात पोथी नव्हती, धर्मगुरू नव्हता, हिब्रू वाचणारे कोणी नव्हते. तरीही धर्म टिकला, तो घरात टिकला. अलिबागच्या इमारतीचे मोल समजायचे तर आधी ती घरे पाहावी लागतात.

समाजाची उगमकथा अलिबागच्या उत्तरेला असलेल्या नवगावच्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. तिच्यानुसार पश्चिमेकडून आलेले एक गलबत चौलच्या बंदराजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते नवगावला पुरली गेली, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. त्या दफनभूमीतल्या उंचवट्यांना समाज आजही पूर्वजांच्या कबरी मानतो आणि तिथे स्मारक उभारलेले आहे. ही घटना कधीची, यावर एकमत नाही. समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अंतिओखस राजाच्या छळाच्या काळात ठेवली. इतर अभ्यासक ती इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत किंवा आणखी अलीकडे आणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील यहुद्यांचा आणि स्थानिक भारतीयांचा असा दोन्ही वारसा ठळकपणे आढळला. दोन्ही वंशांची सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली असावी, असा त्यात अंदाज आहे. गलबत फुटल्याची तारीख त्यातून निघत नाही. पण पश्चिमेकडून कोणी आले आणि इथल्या माणसांत मिसळले, एवढे मात्र त्यातून ठामपणे दिसते.

वाचलेल्यांचे वंशज कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, गावागावांत पांगले आणि गावांवरून आडनावे लावू लागले. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, तळ्याचे तळकर, चौलचे चेऊलकर, दिवेआगरचे दिवेकर. नावेही इथलीच झाली. सॅम्युएलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी झाला. बोली मराठी, पुरुषांच्या डोक्याला पागोटे, बायकांच्या अंगावर लुगडे, लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र. बाहेरच्या माणसाला त्यांच्यात आणि शेजाऱ्यांत फरक दिसला नसता.

फरक शनिवारी दिसत असे. समाजाचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा. दाराशी लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल, आणि तीळ-खोबऱ्याचे तेल गावात फिरून विकायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबे, तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत बंद राही. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. सोमवार पाळणारे शैव तेली त्याच भागात होते, ते ‘सोमवार तेली’. गावाच्या दृष्टीने हा तेल्यांमधला एक पोटभेद, आणि आपला वार पाळणारी जात ही गावाला ओळखीचीच गोष्ट. त्यामुळे साबाथ, म्हणजे हा शनिवारचा विसावा, पाळण्यासाठी या लोकांना ना कुणाची परवानगी मागावी लागली, ना लपूनछपून राहावे लागले. यहुद्यांच्या जगभरच्या इतिहासात अशी शांतता किती दुर्मीळ होती, हे लक्षात घेतले की कोकणातल्या गावगाड्याची ही बाजू मोठी वाटते. त्याच गावगाड्याने तेल्याला खालची पायरी दिली होती, हेही तितकेच खरे.

शनिवारखेरीज आणखी चार-पाच गोष्टी पक्क्या होत्या. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही. नारळाच्या मुलखात ही अडचण नारळाच्या दुधाने सोडवली. आणि देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना. समाजाला पाठ असलेली ती एकच. जन्म, सुंता, लग्न, मृत्यू, सगळ्या प्रसंगी तीच म्हटली जाई.

सण होते, पण त्यांना मराठी नावे होती. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. नव्या भाताची खीर करायचा तो ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा उपास, म्हणजे योम किप्पूर, तो ‘दरफाळणीचा सण’. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दार लावून, कोणाला न शिवता दिवसभर घरात बसायचे. दुसरा दिवस ‘शिळा सण’, त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म व्हायचा. वल्हांडण तो ‘अनाशी ढाकायचा सण’, तेव्हा घरातले आंबट झाकून ठेवायचे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवटा तो ‘बिरड्याचा रोजा’, त्या दिवशी जेवणात मोडाच्या कडव्या वालांचे बिरडे. अनेक सणांमागच्या कथा लोक विसरले होते. पण तिथी चुकली नाही आणि रीत चुकली नाही. रोजा, उरूस, काजी हे शब्द शेजारच्या मुसलमानांकडून आले, खीर आणि बिरडे हिंदू शेजाऱ्यांच्या चुलीवरचे. त्या उसन्या भांड्यांत धर्म मात्र स्वतःचा होता.

या सगळ्यात सर्वांत खोलवर रुजली ती एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची भक्ती. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहू रथातून स्वर्गाला गेला तेव्हा रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची खूण तिथे उमटली, अशी श्रद्धा आहे. ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणून ते स्थान ओळखले जाते. नवस तिथे बोलला जातो आणि फेडला जातो तो मलिद्याने. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे, सुका मेवा घालून ताट भरायचे, भोवती फळे मांडायची, एलियाहूचे स्तोत्र म्हणायचे आणि प्रत्येक जिनसावर वेगळा आशीर्वाद म्हणून प्रसाद वाटायचा. लग्नाआधी, नव्या घरात, परदेशी जाताना, आजारातून उठल्यावर मलिदा होतोच. जगातल्या इतर यहुद्यांत हा विधी नाही. किनाऱ्यावर एखाद्या पीराच्या दर्ग्यात जे घडते त्याचे रूप त्यात दिसते, पण ज्याच्या नावाने घडते तो संदेष्टा हिब्रू बायबलातला आहे.

समाजाच्या आठवणीत डेव्हिड राहबी नावाच्या एका परदेशी यहुद्याला फार मोठे स्थान आहे. कोकणात आल्यावर त्याला या लोकांच्या चालीरीती ओळखीच्या वाटल्या. खात्री करण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवून शिजवायला सांगितले. खवले-पर नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले आणि त्याची खात्री पटली. मग त्याने त्यांना हिब्रू शिकवले आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना तयार करून काजी नेमले. राहबी नेमका कोण, याबद्दल दोन मते आहेत. परंपरा त्याला मध्ययुगात नेते. अनेक अभ्यासकांच्या मते ही आठवण कोचीच्या राहबी घराण्यातल्या, अठराव्या शतकातल्या डेव्हिड इझिकिएल राहबीची असावी. दुसरे मत लिखित पुराव्याशी अधिक जुळते. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा लोकांबद्दल लिहिले, की त्यांना बायबल ठाऊक नाही, हिब्रू येत नाही, पण शेमा येते. १७६८ मध्ये कोचीच्या यहेझकेल राहबीच्या पत्रातही त्यांचा उल्लेख आला. जगातल्या यहुद्यांना कोकणातल्या या भाऊबंदांची खबर लागली ती या सुमारास.

पुढच्या शंभर वर्षांत समाज आपला धर्म नव्याने शिकला, आणि तो मुख्यतः मराठीतून शिकला. तीन बाजूंनी शिक्षक आले. कोचीहून हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आले आणि त्यांनी प्रार्थनेची पद्धत घालून दिली. बगदादहून मुंबईत आलेल्या श्रीमंत यहुद्यांनी हिब्रू ग्रंथ आणले. आणि ज्यांचा हेतू वेगळाच होता ते मिशनरीही आले. १८१३ मध्ये मुंबईत पोहोचलेल्या अमेरिकन मराठी मिशनने कोकणात शाळा काढल्या आणि तिथे बेने इस्राएल शिक्षक नेमले. १८२९ मध्ये आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीत हिब्रूचे व्याकरण लिहिले. बायबलाचा जुना करार मराठीत छापला गेला आणि अब्राहम, मोशे, दावीद यांच्या कथा या लोकांनी आपल्या भाषेत पहिल्यांदा वाचल्या. ख्रिस्ती मात्र फारसे कोणी झाले नाही. मिशनऱ्यांच्या पुस्तकांनी या समाजाला अधिक पक्के यहुदी केले.

मग लिहिण्याची पाळी समाजाची आली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू-मराठीत शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ ची पुण्याची सचित्र हग्गादा तर प्रसिद्धच आहे. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका मराठी वळणाचे लुगडे नेसलेल्या दिसतात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. १८८० च्या सुमारास समाजातल्या तरुणांनी कीर्तन हाती घेतले. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, ओवी हा साज हरिदासाचा आणि आख्यान अब्राहमाचे किंवा योसेफाचे. पोथी न वाचता येणाऱ्या आईबापांपर्यंत बायबल पोहोचवण्याचा याहून सरस मार्ग त्या काळी नव्हता, आणि मराठी कीर्तनाच्या इतिहासात या प्रकरणाला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

या काळात घाणाही मागे पडत होता. मुंबई वाढू लागली तशी कुलाब्यातली कुटुंबे तिथे गेली. कोणी गोदीवर सुतार-गवंडी झाले, बरेच कंपनीच्या पलटणीत शिरले. दर्यावर्दीपणा आणि लढाई त्यांना नवी नव्हती. आंग्र्यांच्या आरमारात आरोन चुरीकर नायक असल्याची नोंद किहीमकरांनी केली आहे. मुंबईच्या देशी पायदळात सुभेदार, सुभेदार मेजर या हुद्द्यांपर्यंत संख्येच्या मानाने बरेच बेने इस्राएल चढले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. दुसऱ्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत पडला. कुराणात बेने इस्राएलांचा उल्लेख आहे म्हणून टिपूच्या आईने त्याला वाचवले, अशी कथा सांगतात. सुटलो तर मंदिर बांधीन असा त्याचा नवस होता आणि तो त्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात फेडला. ते ‘शाआर हारहामीम’, बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग. लोक त्याला मशीद म्हणत. पुढे १८४० च्या सुमारास दुसरे झाल्यावर पहिली ‘जुनी मशीद’ आणि दुसरी ‘नवी मशीद’ झाली. जवळचा सॅम्युएल स्ट्रीट अजूनही दिवेकराचे नाव सांगतो.

मुंबईत पाहिलेले मंदिर गावाकडेही असावे असे वाटायला अर्धे शतक लागले. त्याला कारणे होती. पलटणीतून निवृत्त झालेले लोक पेन्शन घेऊन गावी परतू लागले. त्यांच्या हातात रोकड होती, मंदिराच्या कारभाराचा अनुभव होता आणि प्रार्थना पाठ होत्या. अलिबागेपुरते आणखी एक कारण होते. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले आणि अलिबाग इंग्रजी अंमलाचे ठाणे बनले. कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, आसपासच्या गावांतली इस्राएल कुटुंबे शहरात राहायला आली आणि त्यांची आळी भरली. रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागेत १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये, पेणला १८६३ मध्ये आणि ठाण्याला १८७९ मध्ये सिनेगॉग उभे राहिले. म्हसळे, अष्टमी, नांदगाव अशा लहान गावांनीही आपापली मंदिरे बांधली. तेल्याच्या धंद्यातून वर आलेल्या मूठभर समाजाने, कोणा सावकाराच्या किंवा सरकारच्या आधाराशिवाय, वर्गणीतून केलेले हे काम आहे. याच सुमारास पुण्यात डेव्हिड ससून यांच्या संपत्तीतून ‘ओहेल डेव्हिड’ बांधले गेले. १८६७ चे ते ‘लाल देऊळ’ इंग्रजी चर्चच्या धाटणीचे, उंच मनोऱ्याचे, बगदादी यहुद्यांचे. त्याच्यापुढे अलिबागचे मंदिर साधे आहे, पण ते त्यात प्रार्थना करणाऱ्यांनीच बांधले.

मंदिराची आतली मांडणी जगभरच्या यहुदी परंपरेची आहे. जेरुसलेम भारताच्या पश्चिमेला, म्हणून पवित्र कपाट, ‘हेखाल’, पश्चिमेच्या भिंतीला. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या ठेवतात. समोर अखंड तेवणारा दिवा. मध्यभागी कठड्याचा चौथरा, ‘तेबा’. तिथे उभा राहून हज्जान प्रार्थना चालवतो. एक खुर्ची एलियाहू हन्नबीची, सुंतेच्या वेळी बाळाला आधी तिच्यावर ठेवतात. दाराच्या चौकटीला ‘मजूजा’, आत-बाहेर करताना तिला बोट लावून ते ओठांना लावायचे. द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुकांचे सरबत. कारभार पाहणारे मात्र अस्सल गावचे. मुकादम हा प्रमुख, त्याच्या हाताखाली चौगुला, पैशाचा हिशेब ठेवणारा गबाई, पूजाअर्चा सांभाळणारा हज्जान आणि झाडलोट-दिवाबत्ती करणारा शम्माश. लग्न, काडीमोड, भाऊबंदकीचे तंटे या मंडळींपुढे मिटत आणि दंडाची रक्कम मंदिराच्या तेलाला जाई.

समाजाच्या आत एक भिंतही होती. ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. बाहेरच्या स्त्रीशी झालेल्या संबंधातून जन्मलेल्यांची संतती ती काळी, अशी समजूत. त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे आणि मंदिरातही त्यांना मागे राहावे लागे. आपला धर्म शेजाऱ्यांपासून वेगळा राखणाऱ्या समाजाने शेजाऱ्यांचा जातिभेद मात्र उचलला. विसाव्या शतकात ही भिंत हळूहळू पडली. पुढे याच समाजावर तसाच प्रसंग यायचा होता.

शिक्षणाने समाज झपाट्याने वर आला. किहीमकर यांनी मुंबईत १८७५ मध्ये समाजाची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा. त्यांनी १८९७ मध्ये लिहिलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. रेल्वे, टपाल, जकात आणि दवाखाना ही समाजाची नवी क्षेत्रे. डॉ. जेरुशा झिराड या स्त्रीरोगतज्ज्ञांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. डॉ. अब्राहम एरूळकर गांधीजींच्या उपोषणकाळात त्यांची प्रकृती पाहत. सिनेमातले डेव्हिड हे चेऊलकर आणि इंग्रजी कवितेतले निसिम इझिकिएल हेही याच समाजाचे. नोकरी मात्र माणसाला मंदिरापासून दूर नेई. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. पश्चिमेला अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई, पुणे येथे ते जमत.  जवळ सिनेगॉग नसलेल्या दूरच्या मुलखात बदलून गेलेल्या रेल्वेच्या किंवा टपालाच्या माणसाला धर्म पुन्हा घरातच पाळावा लागे, शुक्रवारचा दिवा लावून आणि शेमा म्हणून, खापरपणज्याने झिराडला पाळला तसा.

स्वातंत्र्याच्या वेळी बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि स्थलांतर सुरू झाले. इथे छळ झाला म्हणून कोणी गेले नाही. सिय्योनची ओढ होती. इंग्रज गेल्यावर रेल्वे-जकातीतल्या नोकऱ्यांची शाश्वती उरली नव्हती. आणि एकदा अर्धे गणगोत गेले की उरलेल्यांना मुलामुलींची लग्ने जमवणेही अवघड होई. तिकडे स्वागत सोपे नव्हते. भेदभावाच्या तक्रारी करून काही कुटुंबे १९५२ मध्ये भारतात परतली. मग इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने या समाजाच्या लग्नांबाबत शंका काढली आणि वंशावळ तपासण्याचे नियम केले. दोन हजार वर्षे शनिवार पाळल्याचे सांगणाऱ्यांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करायला सांगितले गेले. १९६४ मध्ये जेरुसलेमला मोठी निदर्शने झाली, संसदेत चर्चा झाली आणि बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे सरकारने जाहीर केले. दिमोना, बिरशेबा, अश्दोद, लोद या शहरांत आज त्यांची मोठी वस्ती आहे. तिथे मलिदा होतो, पुरणपोळी होते, महाराष्ट्र दिन साजरा होतो आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले.

अलिबागेत त्याचा परिणाम आळीतच दिसतो. बहुतेक घरे विकली गेली, नावे राहिली. शहरात आणि आसपासच्या गावांत बोटांवर मोजण्याइतकी इस्राएल कुटुंबे उरली आहेत. काही गावांची मंदिरे बंद पडल्यासारखी आहेत. तिथे उपासना सणावारापुरती होते किंवा होतच नाही. मागेन अबोथ मात्र चालू आहे. सणांना मुंबई-ठाण्याहून माणसे आली की मिन्यान पुरा होतो आणि तोरा बाहेर काढली जाते. १९९२ मध्ये भारत-इस्रायल राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यापासून इस्रायलमधली नातवंडे आजी-आजोबांची गावे शोधत येतात. त्यांचा रस्ता ठरलेला असतो. नवगावची दफनभूमी, खंडाळ्याचा टापा, इस्राएल आळी, आणि मग आडनावातले गाव. अनेकदा त्या गावात त्यांचे घर ओळखणारे एखादे कोळी, आगरी किंवा मुसलमान कुटुंबच भेटते.

महाराष्ट्र शासनाने जून २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर सरकारी कागदांवर धर्माच्या रकान्यात त्यांची नोंद बहुधा ‘इतर’ अशी होई. या दर्जाने शिक्षणसंस्था आणि धर्मस्थळे सांभाळण्यासाठी सवलतींचा आधार मिळाला. पुढचे काम इमारतींपेक्षा अवघड आहे. पडक्या मंदिरांची डागडुजी करता येते, दफनभूमीला कुंपण घालता येते. पण मराठी हग्गादा, कीर्तनांच्या वह्या आणि सणांच्या रीती ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसे अलिबागेत कमी झाली आहेत आणि अश्दोदलाही म्हातारी होत आहेत. त्यांच्याकडून हे सारे लिहून आणि ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम दोन्ही देशांत सुरू व्हायला हवे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी ते आपले समजायला हवे.